लाल चिठ्ठीला दोन सह्या

सोसायटीच्या वार्षिक सभेत परचुरेबाईंनी अध्यक्षांच्या पाठीला पिवळी चिठ्ठी लावली. टाचणीने. अध्यक्ष मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होते, त्यामुळे त्यांना कळलं नाही. चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलं होतं : ‘उपयोगी. दुरुस्ती आवश्यक.’ चिठ्ठी घेऊनच ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांच्या पत्नी भेटल्या आणि परचुरेबाईंना म्हणाल्या, “निदान बरोबर आहे. दुरुस्ती तुम्हीच करणार का?”

विजया परचुरे, वय अडुसष्ट, राहणार धनकवडी, दुसरा मजला, माझ्या समोरचं दार. यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली, घरी एकट्याच. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं त्या तपासणी विभागात होत्या. तिथे प्रत्येक सुट्या भागाला तीनपैकी एक चिठ्ठी लागे. हिरवी म्हणजे पास. पिवळी म्हणजे पुन्हा काम करा. लाल म्हणजे रद्द, भंगारात. हिरव्या आणि पिवळ्या चिठ्ठीला एक सही पुरे. लाल चिठ्ठीला दोन लागत, आणि सहीच्या आधी एक रकाना भरावाच लागे : ‘आधी काय काय करून पाहिलं?’ तो रकाना कोरा असेल, तर वस्तू भंगारात जात नसे.

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाईंनी ते परत केलं आणि त्याऐवजी चिठ्ठ्यांची उरलेली पॅडं मागून घेतली. ती आजही त्यांच्या पर्समध्ये असतात, शेजारी मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारं व्हर्निअर. सोसायटीतल्या एका मुलीला पाहायला स्थळ आलं, तेव्हा बाई चहा देण्याच्या निमित्ताने आत गेल्या. मुलाच्या बशीखाली हिरवी चिठ्ठी निघाली. लग्न झालं. जावईबापू ती चिठ्ठी अजून पाकिटात बाळगतात आणि भांडण झालं की बायकोला दाखवतात.

त्यांची दोन वाक्यं आम्हा सगळ्यांना पाठ आहेत. पहिलं, “माप सांगा.” थोडंसं, बरंच, जरा जास्त हे शब्द त्यांच्या दारात चालत नाहीत. दुसरं, अर्थातच, “आधी काय काय करून पाहिलं?”

पाणी दिवसाआड येण्याच्या एका उन्हाळ्यात सोसायटीचा पंप बंद पडला. मेकॅनिकने दुरूनच बघितलं.

“मोटर गेली, मॅडम. नवीन टाका.”

“आधी काय काय करून पाहिलंत?”

“म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. सरका.”

बाईंनी पाट मागवला, पदर खोचला, चार बोल्ट काढले आणि आतली झिजलेली रबरी चकती मेकॅनिकच्या हातावर ठेवली. पंप अजून चालू आहे. मेकॅनिक आता आमच्या सोसायटीत यायच्या आधी फोन करून विचारतो, बाई गावाला गेल्या आहेत का.

मी स्वतः एका दैनिकाच्या संपादकीय विभागात आयुष्य काढलं. दुसऱ्यांची वाक्यं कापणं हे माझं काम होतं. परचुरेबाईंचं वाक्य कापायला जागाच नसते. त्या मला ‘सबनीस’ म्हणतात, पुढे ताई-बाई काही नाही. कारखान्यात सगळ्यांना आडनावानेच हाक मारत, तीच सवय.

वंदना इंगळे मात्र वंदनाच. वंदना मूळची वाशिमकडची, वय सदतीस. सात घरच्या पोळ्या करते, त्यातलं एक घर बाईंचं, एक माझं. तिचा नवरा गजानन एका बांधकामावर राखणदार आहे. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं गावी झाली. तिच्या पोळीला बाई रोज व्हर्निअर लावत.

“सोळा सेंटिमीटर आठ. काल सतरा होती.”

“काकू, पोटात गेल्यावर कोन मोजते जी?”

“पोट मोजत नाही, म्हणूनच आधी मोजायचं.”

“मंग उद्यापासून तुमीच लाटा. मी मोजतो.”

दोघींचं असं रोज चाले, आणि ते बंद पडलं की समजायचं, एकीला बरं नाही.

मार्चमधल्या एका सकाळी ते बंद पडलं. मी वाटी परत द्यायला गेले होते. वंदनाने स्टूल ओढून घेतलं होतं आणि ती बसून लाटत होती.

“पाय दुखतायत?” बाईंनी विचारलं.

“नाही जी.”

“मग बसलीस का?”

“तसंच.”

“तसंच हे कारण नाही. चिठ्ठीवर लिहिता येत नाही.”

वंदनाने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज उतरवून म्हणाली, “अंग खाली येते, काकू.”

बाईंनी गॅस बंद केला. “म्हणजे गर्भाशय खाली सरकलंय.” आवाज होता तसाच, म्हणजे जिन्यापर्यंत.

“हळू बोला ना जी! खालचे ऐकतीन!”

“ऐकू देत. खालच्या मजल्यावरचे सगळे तिथूनच आलेत.”

मग वंदना बोलली. दुसऱ्या बाळंतपणापासून हे होतं. सकाळी बरं असे. चार घरं झाली की ओटीपोटात ओढ लागे आणि मायांगातून, म्हणजे योनीतून, लिंबाएवढी गाठ हाताला लागे. आडवं झालं की आत जाई. पाण्याचा कॅन, पिठाचा डबा उचलला की पुन्हा खाली. लघवी धरवत नसे, म्हणून ती दुपारपर्यंत पाणीच पीत नसे. शेवटी कात्रजजवळच्या एका नर्सिंग होममध्ये दाखवलं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका. येत्या गुरुवारची तारीख. गजाननने होकार दिला होता. जाऊ म्हणाली होती, काढून टाक, एकदाची झंझट मिटते.

“आणि तुझं काय म्हणणं?”

“माह्यं?” वंदना थांबली. हा प्रश्न तिला नवा होता. “मले नाही काढाची, काकू. दोन-तीन महिने वजन उचलायचं नाही म्हन्ते. सात घरं कोन धरून ठेवते माह्यासाठी? आन् माह्या मायची काढली व्हती. मंग घरात समदे तिले म्हनत, तुले आता काय, तू रिकामी. तिले काहीच काम नसल्यावानी. मले तसं नाही व्हायचं. पन मले कोनी विचारलंच नाही. थेट तारीखच देल्ली.”

तेव्हा सोमवार होता. गुरुवारला तीन दिवस होते.

बाईंनी कपाटातून कारखान्याचा जुना फॉर्म काढला. लाल चिठ्ठीआधी भरायचा तो. “सबनीस, चला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नुसत्या बसा आणि वही उघडी ठेवा. वही दिसली की माणसं विचार करून बोलतात.”

नर्सिंग होमचे डॉक्टर पन्नाशीचे, दमलेले, सभ्य होते. त्यांनी तिघींकडे पाहिलं.

“पेशंट कोण?”

“ही. पण प्रश्न माझे आहेत.”

“आपण त्यांच्या कोण?”

“पोळ्या खाणारी.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. बाईंनी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. “साधा आहे. दोष काय, माप काय, आधी काय काय करून पाहिलं, रद्द करण्याचं कारण काय. खाली दोन सह्या. एक तुमची.”

“आणि दुसरी?”

“जिची वस्तू तिची.”

“त्यांच्या मिस्टरांनी संमती दिली आहे.”

“त्यांची संमती त्यांनी त्यांच्या अवयवांसाठी राखून ठेवावी.”

वंदनाने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की घाबरली होती, हे मला ठरवता आलं नाही.

डॉक्टरांचं श्रेय हे की त्यांनी फॉर्म फेकला नाही. दोषाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : गर्भाशय खाली सरकणे. मापाच्या रकान्यात : दुसरा टप्पा. तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलं.

“व्यायाम?” बाईंनी विचारलं.

“सांगून करत नाहीत.”

“हिला सांगितले होते?”

डॉक्टरांनी फॉर्म सरळ केला.

“रिंग? वाचलंय मी. आत रिंग बसवतात, तिचा आधार होतो.”

“रिंग बसवली की ठराविक दिवसांनी तपासायला यावं लागतं, बाई. येत नाहीत. बायका येत नाहीत. दोन वर्षांनी येतात, आत जखम घेऊन. मी पाहिल्यात. काढून टाकलं की निदान तो प्रश्न तरी राहत नाही.”

उत्तर प्रामाणिक होतं. नोंदवायला हवं, म्हणून नोंदवते.

“म्हणजे ही परत येणार नाही या अंदाजावर हिचं गर्भाशय जाणार.”

“तुम्ही फार तिरकं बोलता.”

“जन्म इथलाच. नाइलाज आहे. ही परत येईल. मी आणीन. तुम्ही तारीख द्या.”

डॉक्टरांनी वंदनाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला विचारलं, “तुम्हाला काय करायचंय?”

“थांबाचं हाय,” वंदना म्हणाली.

गुरुवार रद्द झाला. ‘दोन महिने व्यायाम, मग तपासणी’ असं कागदावर आलं. व्यायाम कसे करायचे त्याचा छापील कागद बाहेर मिळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर कागद संपले होते. पुढची चूक कागद संपल्यामुळे झाली, असं परचुरेबाई म्हणतात. ते अर्धसत्य आहे.

गजाननचा संध्याकाळी फोन आला. वंदनाने तो काकूंच्या हातात दिला. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “गजाननराव, तुमची दाढ काढायची असती आणि सही वंदनाने केली असती, तर चाललं असतं?” मग तो म्हणाला, “दोन महिने पाहू.”

सोसायटीच्या ग्रुपवर त्याच दिवशी बाईंची सूचना आली : ‘पोळ्यांच्या बाईंना पिठाचा डबा व पाण्याचा कॅन उचलायला लावू नये. ओट्यावर आणून ठेवावा. कारण विचारू नये. विचारल्यास मी सविस्तर सांगेन.’ कोणीही विचारलं नाही. डबे ओट्यावर आले.

आता चूक. कारखान्यात पंपाची शेवटची चाचणी दाबाची असते. पंप बंद करायचा, आत दाब भरायचा, धरायचा आणि काटा खाली येतो का बघायचं. परचुरेबाईंनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करायचे म्हणजे त्यांच्या मते दाब धरायला शिकवायचं. त्यांनी वंदनाला शिकवलं : श्वास कोंड, खाली जोर दे, धर, दहा मोजेपर्यंत सोडू नको. दिवसातून तीनदा. हातात स्टॉपवॉच. फ्रिजवर तक्ता.

वंदनाने ते मनापासून केलं, सातही घरी. एका घरचे आजोबा तिचा लाल झालेला चेहरा पाहून लिंबूसरबत घेऊन आले. बाराव्या दिवशी गाठ सकाळपासूनच बाहेर होती. तेराव्या दिवशी तिने गॅस बंद केला, लाटणं खाली ठेवलं आणि जमिनीवर बसली.

“काकू, तुमचं मशीन मशीन असते. मी मानूस हाव. आता हे आतच जात नाही. मालक म्हन्ते, दवाखान्यात जा आन् तारीख परत घे. मीबी थकली. काढून टाकतो आता. जे व्हईल ते व्हईल.”

मी तिथेच होते. बाईंनी तक्ता फ्रिजवरून काढला, वरपासून खालपर्यंत वाचला. त्यांचा चेहरा मी याआधी असा पाहिला नव्हता.

“चाचणी चुकली तर वस्तू रद्द होत नाही,” त्या म्हणाल्या. “चाचणी घेणारा रद्द होतो.”

त्यांनी पर्समधून लाल चिठ्ठी काढली. त्यावर लिहिलं : ‘विजया परचुरे, शिक्षिका. कारण : माहीत नसताना शिकवले.’ खाली सही केली आणि पेन वंदनापुढे धरलं.

“दुसरी सही तुझी.”

“मी कायले सही करू तुमच्यावर?”

“नियम आहे. एका सहीने कोणी भंगारात जात नाही.”

वंदनाने डोळे पुसले, पिठाचा हात झटकला आणि एकेक अक्षर मोजून काढल्यासारखी सही केली : वंदना गजानन इंगळे. मग ती चिठ्ठी तिने वाचली, पुन्हा वाचली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “पन चा करायची नोकरी ठेवा यायची. चा चांगला करते.”

बाईंनी चहा ठेवला. दुपारी आम्ही पुन्हा नर्सिंग होममध्ये होतो. बाईंनी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगितलं, “चूक माझी. उलटं शिकवलं.” डॉक्टरांनी वंदनाला तपासलं आणि एक चिठ्ठी लिहिली. “मी रिंग बसवत नाही. धर्मादाय रुग्णालयात एक डॉक्टर आहेत, गुरुवारी फक्त याच तक्रारी पाहतात. तिकडे आधीच पाठवायला हवं होतं.”

“हे वाक्य फॉर्मवर लिहाल?” बाईंनी विचारलं. त्यांनी लिहिलं नाही. पण दारापर्यंत सोडायला आले.

गुरुवारच्या त्या डॉक्टर चाळिशीच्या, बुटक्या, जलद बोलणाऱ्या होत्या. टेबलावरचा नॅपकिन त्यांनी दोन्ही हातांत ताणून धरला.

“ही झोळी. आपल्या ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची अशी झोळी असते. गर्भाशय, मूत्राशय, आतडं, सगळं तिच्यावर टेकतं. वरून दोऱ्यांनी टांगलेलं पण असतं. बाळंतपणं झाली, ओझी उचलली, जुना खोकला, रोज शौचाला जोर, की झोळी सैल होते. मग जे टेकलंय ते खाली येतं. खाली जोर दिला, तर?”

“जास्त खाली,” वंदना म्हणाली आणि काकूंकडे पाहिलं. काकूंनी वहीत लिहिलं.

“मग करायचं काय? झोळी आवळायची. व्यायाम आहेत, ते मी दाखवते. ओझं कमी, खोकला बरा करायचा, पोट साफ. रिंग आहे. पाळी गेलेल्यांना आत लावायचं मलम कधी कधी देतो, त्याने तिथली नाजूक कातडी सुधारते. एवढ्याने भागलं नाही, तर ऑपरेशन, आणि त्यातही पिशवी ठेवून करता येतं. ती पट्टीने वर बांधून घेतात, सैल पडलेल्या भिंती शिवतात. आणि पिशवी काढणं, तेही आहे. ते वाईट नाही, काही जणींना तेच योग्य. पण ती यादीतली एक ओळ आहे. यादी नाही.”

“परत म्हणा,” परचुरेबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी परत म्हटलं. बाईंनी अधोरेखित केलं.

“आणि नुसती पिशवी काढून झोळी घट्ट होत नाही,” डॉक्टर पुढे म्हणाल्या. “आधार नीट शिवला नाही, तर काही बायकांना नंतर योनीचाच वरचा भाग खाली यायला लागतो.”

या वाक्यावर बाईंचं पेन थांबलं. मला वाटलं, शाई संपली.

रिंग सिलिकॉनची, मऊ, बांगडीसारखी. वेगवेगळ्या मापांची, माप मिलिमीटरमध्ये. मिलिमीटर हा शब्द ऐकताच बाईंनी पर्स उघडली.

“हे काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“व्हर्निअर. पर्समध्ये असतं.”

“कुणाच्या?”

“माझ्या. इतरांचं मी कसं सांगू?”

डॉक्टरांनी नमुन्याची रिंग पुढे केली. “हिला लावा. बसवायच्या रिंगला हात लावायचा नाही.” बाईंनी मोजली. पासष्टच्या रिंगचं माप पासष्ट पूर्णांक दोन भरलं. “चालेल,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी आभार मानले.

पासष्टची वंदनाला बसली नाही. उकिडवं बसून खोकायला सांगितलं, तेव्हा निसटली. सत्तरची बसवली. वंदना खोकली, शिंकल्यासारखं केलं, दोन जिने चढून उतरून आली आणि दारातच उभी राहिली.

“हाय का नाही, तेच समजून नाही राह्यलं!”

“न समजणं म्हणजेच बरोबर बसली,” डॉक्टर म्हणाल्या. “काढून धुवायची, पुन्हा बसवायची, ते मी आत्ता शिकवते. नाही जमलं तर इथे यायचं, मी काढून धुऊन देईन. तीन महिन्यांनी दाखवायला यायचंच. रक्त दिसलं, वास आला, दुखलं, तर त्याच दिवशी यायचं. तीन महिने थांबायचं नाही.”

वंदनाने खुर्ची जवळ ओढली. “मालकाले समजन का जी?”

“समजलं तर समजलं. अडचण वाटली तर तेवढ्यापुरती काढून ठेवा.”

“चष्म्यावानी?”

“अगदी चष्म्यासारखी.”

वंदना इतकी हसली की डॉक्टरांनी खाली वाकून विचारलं, निसटली का. नव्हती निसटली.

मग व्यायाम. “चला, तिघीही,” डॉक्टर म्हणाल्या. “हा सगळ्यांनीच करायचा. ताठ बसा. चारचौघांत वारा सुटायला आलाय आणि तो अडवायचाय, तसं आतून वर ओढा. श्वास कोंडायचा नाही. पोट नाही, मांड्या नाही, चेहरा तर मुळीच नाही. पाच मोजा. आता पूर्ण सोडा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं.”

खिडकीबाहेरून कोणी पाहिलं असतं, तर तीन बायका गंभीरपणे निकालाची वाट पाहत आहेत असं वाटलं असतं.

“परचुरेबाई, तुम्ही करत नाही आहात.”

“मला गरज नाही. माझं काढलंय.”

नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, जिन्यापर्यंत जाणाऱ्या. वंदनाने मान वळवली.

“कधी?” डॉक्टरांनी विचारलं.

“सत्तावीस वर्षं झाली.”

“कशासाठी?”

“हिला आहे तेच.”

“दुसरे उपाय कोणी सांगितले होते?”

“नाही. मी शिफ्ट संपवून थेट गेले होते, डबा हातात होता. सही मिस्टरांनी केली. मला कळेपर्यंत तारीख ठरली होती.” त्या थांबल्या. “माणसं सगळी चांगली होती हो. वाईट कोणीच नव्हतं.”

“आणि आता? त्रास आहे?”

परचुरेबाईंनी वही मिटली. पेनाला टोपण लावलं. ते नीट बसलं नाही, पुन्हा लावलं.

“अकरा वर्षं,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या समोरच्या दारात चौदा वर्षं राहते. या काळात त्यांनी लिफ्ट, पंप, कचरा, माझा रक्तदाब आणि अध्यक्षांचं वाचन यांवर मोठ्याने मतं दिली आहेत. या एका विषयावर शब्द निघाला नव्हता.

“कोणाला सांगितलंत?”

“काय सांगायचं? काढायचं ते काढून झालं होतं. रिकाम्या जागेची तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची?”

“जागा रिकामी नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि तुमच्यासाठीही यादी आहे. रिंग तुम्हालाही चालू शकेल. आत या, बघू.”

“आज नको. आज हिचा नंबर आहे.”

“माहा झाला,” वंदना म्हणाली.

“पुढच्या गुरुवारी येते मी.”

“येत नाहीत, काकू. बायका येत नाहीत.” वंदना उठली. तिने बाईंच्या मांडीवरची पर्स उचलून माझ्या खांद्याला अडकवली. “चपला काढा.”

“अगं, पण पाच घरं राहिलीत तुझी.”

“फोन केला म्या मघाशीच. चपला काढा म्हनलं ना?”

परचुरेबाईंनी चपला काढल्या. वंदना त्यांना दंडाला धरून पडद्यामागे घेऊन गेली. पडद्याखालून सहा पावलं दिसत होती. मग चार.

आत चिमटे ठेवल्याचा आवाज झाला. “जरा गार लागेल,” डॉक्टर म्हणाल्या.

मग एक आवाज आला, इतका हलका की तो परचुरेबाईंचा आहे हे कळायला मला एक क्षण लागला. “वंदना, हात सोडू नकोस गं.”

“नाही सोडत. तुमी आधी गुडघे सैल सोडा, काकू. डॉक्टरीनबाई काही खात नाही तुमाले.”